पांढरी मख्खी

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

हैदराबादचे दोन पाहुणे नक्की येणार, नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी. आज त्यांचा फोन आला आणि मी लगेच ही वही काढली. हे सगळं सुरू कसं झालं असं पुढे कुणी विचारलं तर सांगता यावं. घडेल तेच यात लिहीन. मी खोटं बोलत नाही, तेव्हा लिहायचा प्रश्नच नाही.

पाहुणे येतात ते मख्खी शिकायला. गळाला पिसं आणि दोरा बांधून किडा करायचा, काठीच्या झटक्याने तो लांब पाण्यावर टाकायचा आणि तरंगत ठेवायचा. मासा वर येऊन तोच धरतो. ना गांडूळ, ना कणकेची गोळी. निजामाच्या काळात आमच्या तळ्याच्या कामावर एक हैदराबादी इंजिनिअर होता. त्याची छत्री आणि डबा माझे पणजोबा वाहायचे. त्याने हे त्यांना शिकवलं, म्हणून नावही त्याच्या बोलीतलं राहिलं. पुढे आजोबांकडून ते आबांकडे, माझ्या वडलांकडे आलं. गावातल्या बाकीच्या भोयांकडे जाळं आहे, मख्खी फक्त आमच्या घरात. आबांनंतर मी. तसं कुणी बोललेलं नाही, पण दुसरं आहे तरी कोण?

तळं डोंगरात आहे. तिथे गाडी जात नाही, सागातून पायवाटेने चढावं लागतं. म्हणूनच पाणी अजून स्वच्छ आहे आणि मरळ मोठी होते. मी पाटी रंगवली आहे: ‘पकडा, बघा, सोडा.’ शेजारच्या सरजाबाईंनी ती माझ्याकडून वाचून घेतली.

“धरायचा आन् सोडायचा?” म्हणाल्या. “म्हंजी पाव्हन्याला जेवाया बसवायचं आन् ताट उचलायचं. ह्याच्यासाठी कालेज शिकलीस व्हय?”

हसू देत. तळं टिकवायचं तर हाच मार्ग आहे.

फोटो काढायला शिवाला बोलावलं आहे. शिवरंजनी, माझी परभणीच्या कॉलेजातली मैत्रीण. वालूरला तिच्या वडलांचं किराणा दुकान आहे. तिच्याकडे चांगला कॅमेरा आहे.

२७ ऑक्टोबर, सोमवार

शिवा आली. तिच्या घरी लिंगपूजा असते, मासा-मटण उंबऱ्याच्या आत येत नाही. म्हणून आईने तिच्यासाठी नवी पातेली काढली आणि आमचं कालवण अंगणातल्या चुलीवर नेलं. शिवा म्हणाली, “मावशी, एवढं नका करू.” आई म्हणाली, “तुझ्या मायनं उद्या इचारलं तर मला सांगता आलं पायजे.”

सकाळी तळ्यावर गेलो. तिने आबांचे खूप फोटो काढले. परत आल्यावर ओट्यावर बसून ते मोठे करून पुन्हा पुन्हा बघत होती. मी म्हटलं, “पाण्याचे किती आले?” तर म्हणाली, “थांब जरा.” मग आबांजवळ जाऊन हळू आवाजात काहीतरी विचारलं. आबा हसले. नेहमीसारखे नाही, जरा उशिरा हसले. नंतर बराच वेळ दोघं गोठ्यापाशी बोलत उभी होती. मी गेले तर म्हणे, “काही न्हाई, म्हशीचं.”

शिवाला म्हशीतलं काय कळतं?

३० ऑक्टोबर, गुरुवार

आबा शिवाला मख्खी टाकायला शिकवायलेत.

मी दहावीत असताना त्यांच्या मागे लागले होते, तेव्हा म्हणाले, आधी परीक्षा दे. बारावीत म्हणाले, आधी कॉलेजात जा. कॉलेज झालं. आज काठीला हात लावला तर म्हणाले, “राजे, तू पाव्हन्यांचं बघ. हितलं आमी बघतो.”

आमी. म्हणजे ते आणि वालूरची शिवा.

वाईट याचं की तिला येतंय. तिसऱ्या-चौथ्या झटक्याला तंगूस, काठीची दोरी, नीट उलगडून गेली. आबा मान हलवत होते. तिने चिलापी धरली, ओल्या हाताने अलगद सोडली. मी विचारलं, “तुला चालतं हे?” ती म्हणाली, “मी मारत नाही, खात नाही. भेटते आणि सोडते.” माझ्या पाटीवर लिहायला हवं होतं असं वाक्य. ते तिला सुचलं.

बांधायलाही तीच बसते. आबा नुसते शेजारी बसून सांगतात. आणि बांधते काय, तर पांढरी मख्खी! तळ्याकाठी पडलेली बगळ्याची पिसं वेचून आणली आहेत. आबांनी आयुष्यभर काळ्या कोंबड्याच्या मानेचं पीस बांधलं. मी म्हटलं, “आबा, किडा कधी असा बगळ्यासारखा असतो का?” आबा म्हणाले, “असू दे. बरी दिसती.”

मी काळी बांधली असती तर गाठीत चूक काढली असती.

रोज संध्याकाळी शिवा हाताला लिंबू चोळत बसते, अगदी कोपरापर्यंत. कातडी गोरी राहावी म्हणून असेल. आमच्या घरात लिंबं वरणात पिळतात.

२ नोव्हेंबर, रविवार

आज वाटेत आबा त्याच जुन्या दगडाला ठेचाळले. मी पुढे होते, वळेपर्यंत त्यांचा हात शिवाच्या खांद्यावर. मग तळ्यापर्यंत तो तिथेच. मुलगी पुढे चाललीय हे विसरले असावेत.

आईला म्हटलं. ती ज्वारी पाखडत होती. म्हणाली, “तुझं तोंड का असं झालंय? पोरगी चार दिवसाची पाव्हनी हाय.”

चार दिवसांचं माणूस घर एवढं कसं व्यापतं ते आईला दिसत नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार. कार्तिकी पौर्णिमा

हे सविस्तर लिहिते, कारण विसरायचं नाही.

आमच्यात पौर्णिमेला तळ्याच्या सात आसरांपुढे नारळ फोडून मोसमाची पहिली मख्खी टाकतात. पहिला मासा तळ्याचा. त्याच्या डोक्याला हळद लावून सोडून देतात. ज्याच्या हाताने तो येतो, त्या वर्षी काठी त्याची. आजवर ती आबांची होती. यंदा थकलो म्हणतात, म्हणून देणार होते. मी सकाळी डोक्यावरून अंघोळ केली. पदवीच्या दिवशी घातलेला ड्रेस घातला.

आईने आसरांच्या दगडांना शेंदूर लावला. आबा काठी घेऊन उभे राहिले. मी त्यांच्या अगदी जवळ होते. हातही पुढे केला होता.

“शिवा, धर,” आबा म्हणाले.

शिवाने माझ्याकडे बघितलं. “आबा, राजीला द्या ना.”

“धर म्हनलं ना. राजेला पाव्हन्यांसंगं बोलायचं हाय. टाकायला कुनी तरी पायजे.”

तिने टाकली, ती पांढरी. शिंगाड्याच्या वेलाशेजारी पडली आणि थोड्याच वेळात खालून पाणी फुगलं. मरळ, माझ्या दंडाएवढी. शिवाने गुडघाभर पाण्यात जाऊन तिला दोन्ही हातांनी धरलं आणि आबांना म्हणाली, “इकडं, आबा, उजवीकडं.” आबांनी हळद लावली. पहिला टिळा तिच्या मनगटालाच लागला. दोघंही हसली.

माझा फोटो कुणी काढला नाही. कॅमेरा माझ्या गळ्यात होता.

येताना आई म्हणाली, “सोड की. काठीच हाय, सोन्याची हाय का?”

सोन्याची असती तर मला काही वाटलं नसतं.

८ नोव्हेंबर, शनिवार

उठले तर दोघं घरात नाहीत. आई म्हणाली, जिंतूरला गेलेत, गळ आणायला. मला कुणी उठवलं नाही. गळ कोणत्या नंबरचे हवेत हे मला विचारायचं सोडून!

दुपारनंतर परत आले. गळ नाहीत. शिवाच्या पिशवीत औषधाच्या दुकानाची कागदी पुडी होती. मी विचारलं. “माझं आहे, डोकं दुखतं,” ती म्हणाली. आबांनी आल्यावर पाणीही मागितलं नाही, भिंतीला टेकून बसले. शिवाने त्यांना चहा दिला, तोही हातात. कप खाली ठेवायचा सोडून हातातच काय द्यायचा? दोन्ही हात धरून, बाळाला दिल्यासारखा.

लाड. दुसरा शब्द नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

संध्याकाळी परसात गेले. आबा बाजेवर मान वर करून बसले होते आणि शिवा त्यांच्यावर वाकून डोळ्यांत काही घालत होती. मला बघून तिने मूठ मिटली. “कचरा गेला होता,” म्हणाली.

लहानपणी आबांच्या डोळ्यात कुसळ गेलं की ओढणीच्या टोकाने मी काढत असे. ते म्हणायचे, राजेचा हात हलका.

नीट लिहायचं ठरवलं आहे, म्हणून लिहिते: मला ती इथे नको आहे.

१२ नोव्हेंबर, बुधवार

शिवाचा फोन ओट्यावर चार्जिंगला होता आणि ती तळ्यावर. फोन वाजत राहिला. तिच्या आईचं, चन्नबसम्मा काकूंचं नाव दिसलं, म्हणून उचलला.

“राजेश्री का? बरी हायस ना? आमची शिवा काय करायली?”

“मासे धरायली, काकू.”

मी पुढे बोलले. “पौर्णिमेला पहिली मरळ तिनंच धरली. एवढी मोठी. हातात घेऊन हळद लावली. फोटो आहे, पाठवू का?”

कुणीतरी पुरुष खाकरला. मग तराजूत माप पडल्यासारखा आवाज आला आणि फोन बंद झाला.

विचारलं म्हणून सांगितलं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. काकूंनी विचारलं असताना मी काय, ती वाचन करायली म्हणून सांगायचं? ज्याला लपवावं लागतं ते करूच नये.

रात्री जेवण गेलं नाही. दुपारचं वांगं तिखट झालं होतं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

बसवराज काका, शिवाचे वडील, जीप घेऊन आले. आवाज चढवला नाही. आई पाणी घेऊन आली, तर तांब्याला नमस्कार केला आणि घेतलं नाही.

“दुकानात फोन स्पीकरवर होता,” म्हणाले. “आप्पा, माझे वडील, गादीवर बसलेले. चार गिऱ्हाईकं उभी. आमचे आप्पा लिंगपूजा केल्याबगर पाणी घेत न्हाईत. त्यांनी परवापासून शिवाचं नाव घेतलं न्हाई. मी तरी काय करू सांगा.”

आबा म्हणाले, “चूक माझी हाय, मालक. मीच शिकिवलं.”

“तुमचं कायबी न्हाई. तुमचा धंदाच हाय तो.”

आबांनी मान खाली घातली. धंदा हा शब्द काकांनी वाईट अर्थाने वापरला नव्हता. तरी घातली.

शिवाने पिशवी भरली. दारात मला म्हणाली, “तू सांगितलंस?”

“त्यांनी विचारलं.”

तिने मान हलवली. “आबांचं संध्याकाळचं तेवढं बघ.”

संध्याकाळचं काय बघायचं? त्यांचा चहा मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून करते.

जीप गेली. काठी कोपऱ्यात उभी आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार

आबा तळ्यावर जात नाहीत. पाय दुखतो म्हणतात. कोणता ते विचारलं, तर आधी उजवा म्हणाले, मग डावा.

शिवासाठी एवढं? मी गेले असते तर दोन दिवस तरी घरी बसले असते का?

१८ नोव्हेंबर, मंगळवार

पाहुण्यांना आता थोडेच दिवस उरले, म्हणून मी स्वतःच मख्खी बांधली. काळ्या कोंबड्याचं पीस, काळा दोरा, अगदी आबांच्या पद्धतीने. सकाळचं ऊन ओट्यावर आलं होतं. आबा तिथे बसले होते. मी मख्खी त्यांच्या तळहातावर ठेवली.

“बघा. जमली का?”

आबांनी हात थोडा पुढे धरला. “कशी हाय?”

“बघा ना.”

“दे की मग.”

“दिली की, आबा.”

त्यांनी दुसऱ्या हाताने तळवा चाचपला. बोटाला गळ टोचला तेव्हा थांबले. मख्खी त्यांच्या हातात होती. लख्ख उन्हात. अंगणात कोंबडी फिरत होती, तीच तेवढी आवाज करत होती.

“काचबिंदू हाय म्हनं,” आबा शेवटी म्हणाले. “गेलेलं येत न्हाई. हाय तेवढं थेंबानं राहतंय. काळं माझ्या काळ्या हातावर दिसत न्हाई. पांढरं असलं तर समोरचं कळतं.”

“मला का नाही सांगितलं?”

“तुझे पाव्हने माझ्या नावावर येनार. आंधळ्याकडं शिकायला कोन येतं? तू त्यांना फोन करून नको म्हनून सांगितलं असतंस. मला ठाव हाय तुला. खोटं तुला जमत न्हाई.”

आई आतून ऐकत होती. तिलाही माहीत होतं. बाटली माठाच्या मागे सापडली. शिवा गेल्यापासून थेंब कुणी घातले नव्हते. आईचा हात थरथरतो आणि आबांचा नेम चुकतो.

संध्याकाळी मी घातले. माझा हात हलका आहे असं आबा म्हणाले नाहीत.

हे लिहिताना खरं तर रडायला हवं. पण मनात येतं ते असं: तिला सांगितलं. मला नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

वालूरला गेले. एसटीत मनात सगळं घोकलं होतं.

दुकान पुढे, घर मागे. काकू स्वयंपाकघरात पुरण वाटत होत्या. मला बसायला पाट दिला. मी म्हटलं, “काकू, ती मरळ शिवानं नाही धरली. मी धरली होती. आबांनी काठी तिला दिली म्हणून माझा जळफळाट झाला. तिचं नाव मी रागानं घेतलं. तिनं माशाला हातसुद्धा लावला नाही.”

जन्मातलं माझं पहिलं ठरवून बोललेलं खोटं. त्यातली मधली दोन वाक्यं खरी होती, तीच बोलायला जड गेली.

काकू वाटायच्या थांबल्या नाहीत. “हाताला लिंबू चोळ म्हनून तिला मीच सांगितलं होतं. दिवाळीनंतरचा दुसरा-तिसरा फोन असंल. वास जायला लिंबूच लागतं. मला समदं ठाव होतं गं. मी एकटीनं इचारलं असतं तर तूबी एकटीला सांगितलं असतंस. फोन दुकानात होता, त्याला तू काय करशील?”

“मला माहीत नव्हतं.”

“ते खरं. पर माहीत असतं तर?”

काकूंनी माझ्या हातावर पुरणाचा गोळा ठेवला. “आप्पांना तुझं हे सांगते. ते ऐकतील का न्हाई, बघू. पर आता शिवाला धाडनार न्हाई.”

शिवा ओसरीवर होती. मी सांगितलं, मला कळलं. ती म्हणाली, “फोटोत दिसलं होतं. मासा एकीकडं, आबांची नजर भलतीकडं. विचारलं म्हणून त्यांनी सांगितलं.”

“मी त्यांची मुलगी आहे. मला का दिसलं नाही?”

“तू आबांकडं बघतच नव्हतीस, राजी. माझ्याकडं बघत होतीस.”

ती रागाने बोलली असती तर बरं झालं असतं.

मग तिने शिवणाच्या डब्यातून टाचणी आणि कापूस काढला आणि पांढरी मख्खी कशी बांधायची ते दाखवलं. आधी कापसाची पोकळ गादी, म्हणजे तरंगते. पिसं आडवी, म्हणजे वरून रुंद दिसतात. “दोरा हळू ओढ. तू गळा आवळतेस तिचा.” ओसरीच्या टोकाला आप्पा जपाला बसले होते. त्यांनी मान वळवली.

“काय बनवायलात गं पोरींनो?”

आठवडाभर ते तिच्याशी बोलले नव्हते.

“फूल, आप्पा,” मी म्हटलं. “पांढरं.”

“बरं हाय,” आप्पा म्हणाले, “देवाला पांढरंच वाहावं.” आणि पुन्हा डोळे मिटले.

एका दिवसात दोनदा खोटं बोलून झालं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

रोज बांधते. आजपर्यंतच्या सगळ्या बुडाल्या. तळ्यावर नेऊन टाकल्या तर दगडासारख्या खाली. घरी आले की आबा विचारतात, “कुठं पडली?” मी म्हणते, तंगूस गुंतली.

शिवाने मागे ठेवलेली एकच शिल्लक होती. ती पाण्यात इतकी हलकी बसते की बघून राग येतो. पाहुण्यांसमोर टाकायला आबांना तीच हवी आहे. काल ती वेलात अडकून तुटली. मी सांगितलं नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

पाहुणे आज गेले. दोघंही पन्नाशीचे, बुटांत पाणी गेलं तरी कुरकुर नाही. काल पहाटे धुई होती, सागाची पानं पायाखाली ओली. आबांचा हात माझ्या खांद्यावर. त्यांचा भार किती आहे हे मला माहीतच नव्हतं. जुना दगड आला तेव्हा मी म्हटलं, “दगड, आबा.” ते म्हणाले, “हाय तिथंच हाय व्हय?”

वर जाण्याआधीच मी पाहुण्यांना आबांच्या डोळ्यांचं सांगितलं होतं. आबांना विचारून. त्यातला एकजण म्हणाला, आम्हाला हात बघायचेत, डोळे नव्हे.

तळ्यावर आबांनी काठी मागितली. मी मख्खी बांधून दिली. परवा सगळी दुपार घालून केलेली, त्यातल्या त्यात बरी.

“शिवाची हाय ना?” आबा म्हणाले. “ती तरंगती.”

माझी म्हटलं असतं तर ते घाबरत टाकतील, असं वाटलं. पाहुणे बघत होते.

“हो,” मी म्हटलं. “तिचीच.”

आबांनी टाकली. काठी मागे, थांबा, पुढे. धुईत ती पांढरी टिकली जाऊन वेलाशेजारी बसली आणि बसूनच राहिली. आबांची मान सरळ तिच्याकडे. मी आबांकडे बघत होते, म्हणून पाणी फुगलेलं मला दिसलं नाही, त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

मरळ पौर्णिमेच्या मरळीपेक्षा लहान होती. मी पाण्यात जाऊन आणली. पाहुण्यांनी बघितली, सोडली. त्यांचं चाललं होतं तेवढ्यात आबांनी ओली मख्खी बोटांत घेतली. अंगठ्याने दोरा, पीस, गाठ सगळं चाचपलं. गाठीवर अंगठा बराच वेळ फिरत राहिला.

“चांगली बांधली,” म्हणाले. “पर शिवाला सांग, गाठ लय आवळती. ल्हानपनी परकराची नाडीबी तशीच बांधायची. सुटता सुटायची न्हाई, मग रडत माझ्याकडंच यायची.”

“सांगते, आबा,” मी म्हटलं.